भिजत घोंगडें

एखादें काम लांबणीवर पडलें म्हणजे मराठींत त्यास 'भिजत घोंगडें' असें म्हणतात. परीक्षेंत ह्या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला तर आमचे बहुतेक विद्यार्थी तो अचूक लिहितात. परंतु घोंगडें कशाचें करतात, तें कोण विणतो आणि भिजल्यावर तें किती जड होतें, असे तीन साधे प्रश्न गेल्या हिवाळ्यांत आम्ही आठवीच्या वर्गांत विचारले, तेव्हां सर्वत्र शांतता पसरली. शब्द आमच्या जिभेवर राहिला, वस्तु मात्र हातांतून गेली, हें त्या क्षणीं आम्हांस प्रथम जाणवलें.

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला ह्या कमी पावसाच्या मुलखांत मेंढपाळाचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आमची शाळाहि ह्याच मुलखांतली. शाळेपासून कोसभर अंतरावरच्या शेतांत धनगरांचा वाडा उतरला आहे असें कळतांच आम्ही मुलामुलींस घेऊन तेथें गेलों. शेतकऱ्यानें खतासाठीं रात्रीं आपल्या रानांत मेंढ्या बसविल्या होत्या व त्याच्या मोबदल्यांत तो मेंढपाळास धान्य देणार होता. त्या दिवशीं वाड्यावर कातरणी चालली होती. दख्खनी मेंढीची लोकर बहुधा काळी व राठ असते आणि ती वर्षांतून दोनदां कातरतात. कोंकराच्या पहिल्या लोकरीस जावळ म्हणतात. ती सर्वांत मऊ असते, म्हणून ती निराळी काढून ठेवतात आणि तिच्या घोंगडीस मोलहि अधिक येतें. डोळे मिटून नुसत्या बोटांनीं जावळ कोणतें व मोठ्या मेंढीची लोकर कोणती, हें तेथल्या एका आजीबाईंनीं सांगितलें. आमच्या मुलांस डोळे उघडे ठेवूनहि तें सांगतां येईना.

पुढच्या आठवड्यांत आम्ही घोंगडीं विणणाऱ्या एका सनगर कारागिराच्या घरीं गेलों. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून घरांतील बायका चरख्यावर सूत कातीत होत्या. मुलांनींहि हात लावून पाहिला. हात भराभर ओढला कीं धागा तुटे, सावकाश ओढला कीं पीळ अधिक बसून गांठी पडत. पहिल्या तासांत एकाचाहि धागा हातभर टिकला नाहीं. वर्गांत नेहमीं पहिल्या येणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. तेव्हां तिच्याजवळ बसलेल्या बाईंनीं तिचा हात आपल्या हातांत घेतला, आणि किती ओढावें व केव्हां सोडावें हें एक शब्दहि न बोलतां तिला शिकविलें. असें शिक्षण आम्ही आमच्या फळ्यावर आजवर देऊं शकलों नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

त्या घरीं दिसलें तें सारें शास्त्रच होतें. ताण्याच्या सुतास चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेल्या ह्या खळीनें धाग्यावरचे केंस बसतात व धागा ताठ होतो, म्हणून फणीशीं घासतांना तो फुटत नाहीं. माग खड्ड्यांत असतो. विणकर खड्ड्याच्या कडेवर बसतो आणि पाय खालीं सोडून पावडी दाबतो. एक पावडी दाबली कीं ताण्याचे एकाआड एक दोरे वर उचलले जातात, दुसरी दाबली कीं उरलेले. मधल्या वाटेनें धोटा धांवतो आणि बाणा बसत जातो. सम व विषम संख्या पहिलींत शिकलेल्या आमच्या मुलांस त्यांचा असा उपयोग प्रथमच दिसला. नंतर त्या गृहस्थांनीं तीन धागे दिव्यावर धरले. कापसाचा धागा कागदासारखा जळून गेला. बाजारी ब्लँकेटाचा कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी झाला. लोकरीच्या धाग्यास जळक्या केंसांचा वास आला आणि ज्योतीपासून दूर नेतांच तो विझला. लोकर व केंस हीं एकाच जातीच्या प्रथिनांचीं बनलेलीं असतात, हें आमच्या पुस्तकांत छापलेलें आहे. परंतु त्या दिवसानंतर तें विसरणारा विद्यार्थी आमच्या वर्गांत कोणी राहिला नसेल.

आतां ह्या विद्येची आजची अवस्था पाहावी. मेंढपाळास मांसाचा भाव मिळतो, लोकरीचा मिळत नाहीं. कातरणीची मजुरीहि लोकरीच्या किंमतींतून सुटत नाहीं, आणि कातरलेली लोकर कित्येकदां तशीच टाकून द्यावी लागते, असें वाड्यावर आम्हांस सांगण्यांत आलें. म्हणून अनेक मेंढपाळ जत तालुक्यांतील माडग्याळ जातीच्या मेंढीकडे वळले आहेत. ती अंगानें मोठी व मांसास चांगली, पण तिच्या अंगावर लोकर थोडी. त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पोट सर्वांसच आहे. परंतु लोकर गेली कीं चरखा जातो, चरखा गेला कीं माग जातो, आणि माग गेला कीं जावळ बोटांनीं ओळखण्याची विद्या ज्या हातांत आहे त्या हातांबरोबरच ती संपते. ही विद्या ग्रंथांतून पुन्हां उभी करतां येणार नाहीं. ती एका हातानें दुसऱ्या हातास द्यावी लागते.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, शाळेनें ह्या लोकांकडे सहलीपुरतें न जातां शिष्यभावानें जावें. हा विचार नवा नव्हे. १९३७ सालीं वर्धा येथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें असें तेथें ठरलें. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आंखली. पुढें शाळाशाळांतून टकळी आली. परंतु जेथें ती शिकविणाऱ्या गुरुजींसच सूत नीट काढतां येत नव्हतें, तेथें टकळीचा तास हा वेळापत्रकांतील एक रकाना होऊन बसला. उद्योग शाळेंत आला, पण उद्योगी मनुष्य दाराबाहेरच राहिला. मिशनच्या कार्यांतहि असा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं अहमदनगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, हातमागाच्या सुधारणेसाठीं पुष्कळ परिश्रम केले. तेव्हां मिशन कारागिरास शिकविण्यास पुढें झालें होतें. आतां कारागिरापासून शिकण्याची पाळी आमची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनीं दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांच्या हाताखालीं काढावे असें सुचविलें आहे. तेव्हां दारें बंद आहेत, अशी सबब आम्हांस सांगतां येणार नाहीं.

येथें पालकांचे दोन आक्षेप आमच्या कानांवर आले आहेत. पहिला असा कीं, परीक्षेच्या स्पर्धेंत दहा दिवस फुकट जातात. त्यास आमचें उत्तर थोडक्यांत आहे. वर उल्लेखिलेल्या तीन धाग्यांनीं जें शिकविलें, तें शिकविण्यास आम्हांस वर्गांत तीन तास लागतात, आणि तें महिनाभरहि टिकत नाहीं.

दुसरा आक्षेप जड आहे. आमच्या त्या वर्गांत मेंढपाळाचा एक मुलगा आहे. त्यानें शाळेच्या नोंदींत वडिलांचा व्यवसाय 'शेती' असा लिहिविला होता. त्या दिवशीं वाड्यावर, मेंढी कशी धरावी हें कोणासच साधेना, तेव्हां तो न राहवून पुढें झाला. त्यानें मेंढी अलगद खालीं निजविली, तिचे पाय धरले आणि मित्रांस हात कोठें ठेवावा तें दाखविलें. तासभर तोच वर्गाचा गुरु होता. आम्हांस फार आनंद झाला आणि तो आनंद आम्ही त्याच्या आईजवळ बोलून दाखविला. ती माउली म्हणाली, "गुरुजी, आमी रानोमाळ हिंडतो ते त्यानं एका जागी बसून शिकावं म्हणून. त्याला पुन्हा मेंढरामागं धाडू नका."

त्या बोलण्यावर आम्ही निरुत्तर झालों, आणि तें योग्यच झालें. मद्रास राज्यांत १९५३ सालीं राजगोपालाचारींच्या सरकारनें एक योजना काढली होती. तींत मुलांनीं अर्धा वेळ शाळेंत बसावें व उरलेल्या वेळांत आपल्या घरचा धंदा शिकावा, असें होतें. बापाची जात व तिचा धंदा मुलाच्या गळ्यांत पुन्हां बांधण्याचा हा प्रकार आहे, असें म्हणून लोकांनीं त्यास कडाडून विरोध केला. १९५४ सालीं राजगोपालाचारी पदावरून दूर झाले आणि कामराज यांच्या सरकारनें ती योजना मागें घेतली. त्या आईचें भय हेंच होतें, आणि तें खोटें नव्हतें. हस्तोद्योगाचें कौतुक करणाऱ्या प्रत्येकानें, ज्याच्या घरीं तो उद्योग पिढीजात आहे त्याच्या डोळ्यांनीं तो एकदां पाहिला पाहिजे.

आम्ही पुन्हां तिच्या दारीं गेलों आणि आपलें म्हणणें मांडलें. मेंढपाळाच्या मुलानें मेंढ्या राखण्यास शिकावें असें आम्ही म्हणत नाहीं. डॉक्टरांच्या मुलानें, दुकानदाराच्या मुलीनें व शिक्षकांच्या मुलांनीं लोकर ओळखावी, आणि मेंढपाळाच्या मुलास बीजगणितांत व इंग्रजींत कोणापेक्षांहि कमी मिळूं नये, असें आमचें म्हणणें आहे. प्रत्येकानें आपल्याच बापाचा धंदा शिकणें ही जात झाली. सर्वांनीं सर्वांकडून शिकणें ही शाळा झाली. हें ऐकून ती एवढेंच म्हणाली, "मग साहेबाच्या पोरांस्नीबी खाली बसवा." ही अट आम्हांस मान्य आहे, आणि आमच्या पालकांनींहि ती मान्य करावी अशी आमची विनंती आहे.

श्रमास कमीपणा मानणें हें आमच्या धर्मशिक्षणासहि धरून नाहीं. प्रेषित पौल तंबू करणारा होता. करिंथांत तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून त्यांच्याबरोबर हा धंदा करी. यापोची दुर्कस विधवांसाठीं वस्त्रें शिवी, आणि ती वारल्यावर त्यांनीं रडत रडत तीं वस्त्रेंच पेत्रास दाखविलीं. महाराष्ट्राच्या संतमंडळींतहि गोरोबा कुंभार होते, सावता माळी होते. त्यांचीं नांवें आम्ही आदरानें घेतों. मग चिखलांत व लोकरींत हात घालणारा मनुष्य शाळेच्या फाटकाशीं आला असतां त्यास बाहेर कां उभें करतों?

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, विणकरास व कातणाऱ्या बाईंस शाळेंत बोलवावें तें शिक्षक म्हणून. त्यांस बसावयास मानाची जागा आणि दिवसाची योग्य दक्षिणा द्यावी. नुसती शाल व नारळ देऊन त्यांची बोळवण करूं नये. दुसरी, सर्व मुलांनीं व मुलींनीं समान काम करावें. कोणाची जात व कोणाचें घर पाहून कामाची वांटणी होऊं नये. तिसरी, विद्यार्थ्यांनीं जें शिकलें तें कारागिरांच्या शब्दांतच वहींत उतरून ठेवावें. जावळ, पेळू, खळ, फणी, धोटा हे शब्द गेले तर मराठी भाषाच तेवढी दरिद्री होईल. चौथी, ज्या पालकांस परवडत असेल त्यांनीं वर्षांतून एक तरी हातविणीची घोंगडी योग्य किंमतीस घ्यावी. कौतुकानें चूल पेटत नाहीं.

ह्या उपायांनीं हा धंदा पूर्ववत् भरभराटीस येईल, असें खोटें आश्वासन आम्ही देत नाहीं. आमच्या मुलांपैकीं कोणी विणकर होईल असेंहि नाहीं. परंतु ज्यानें एकदां तुटका धागा जोडला आहे, तो दुसऱ्याच्या श्रमास हंसणार नाहीं, आणि ज्याच्या घरची विद्या वर्गांत मानानें शिकविली गेली, त्यास वडिलांचा व्यवसाय नोंदींत लपवावा लागणार नाहीं. एवढें झालें तरी आम्ही पुष्कळ मिळविलें असें मानूं. त्या मुलाचें नांव ह्या लेखांत देऊं नये अशी त्याची इच्छा आहे, म्हणून तें आम्ही दिलेलें नाहीं. ज्या वर्षीं तो आपण होऊन तें देऊं देईल, त्या वर्षीं आमचें काम थोडेंबहुत साधलें असें आम्ही समजूं.

मुलांनीं त्या तीन प्रश्नांचीं उत्तरें आतां मिळविलीं आहेत. विणकराच्या अंगणांत त्यांनीं एक भिजलेलें घोंगडें उचलून पाहिलें. तें एकट्यास हालेना, आणि पिळतांना तर दोघांनीं दोन टोकें धरावीं लागलीं. शाळेनें एक टोंक धरलें आहे. पालकहो, दुसरें आपण धरावें.