गोड बोलणारा आणि पावती मागणारी

बाळापूरला आमच्या बचत गटाच्या बैठकीत मध्यंतरी ‘स्कॅम १९९२’चा विषय निघाला. २०२० साली आलेली ही मालिका बायकांनी मुलांच्या मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेली. शेअर बाजार कोणालाच धड कळला नव्हता, हर्षद मेहता मात्र सगळ्यांना आवडला होता. साध्या घरातून वर आला, भावाला सोबत घेतलं, असं कौतुक चाललेलं. मी सुचेता दलालांचं नाव काढलं. “ते पेपरवाली? ते बी चांगली होती,” एवढ्यावर विषय संपला.

मैत्रिणींनो, स्टेट बँकेच्या ५०० कोटींची बातमी एप्रिल १९९२ मध्ये याच पेपरवालीने दिली. मालिका ज्या पुस्तकावर बेतली आहे, तेही तिने देबाशिस बसूंसोबत लिहिलेलं. कागद तपासणाऱ्या बाईचं पुस्तक, आणि नायक कोण, तर ज्याचे कागद तपासले तो! मालिकेने तिला झाकलं नाही, हे मान्य. पण ती धून वाजते त्याच्यासाठी.

अशा मालिका खऱ्या वाटतात का? वाटतात, कारण फसवणूक खरोखरच अशी होते. त्या घोटाळ्याचं मूळ ‘बँक रिसीट’मध्ये, म्हणजे साध्या पावतीत होतं. हाती रोखे नसताना बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेने पावत्या दिल्या, आणि मोठमोठ्या बँकांनी रोखे न पाहता त्या घेतल्या. शिकलेसवरलेले अधिकारी, पण “दाखवा बरं” कोणी म्हटलं नाही. गोड माणसाचं सगळं कसब इथेच असतं. त्याला काही विचारणं आपल्यालाच असभ्य वाटू लागतं.

हे मी कोरडेपणाने लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत ठेवी गोळा करणारा एकजण यायचा. प्रत्येकीला ताई म्हणे, राखी बांधून घेई. त्याला गटात मीच आणलं, एम.एस.डब्ल्यू. झालेल्या बाईने. एकटी एकजण दर महिन्याला पावती मागायची. बाकीच्या तिला किरकिरी म्हणत. भावाला कोणी पावती मागतं का? मीसुद्धा एकदा तिला म्हटलं, “जाऊ दे ना.” तो गेला तेव्हा १८ जणींचे पैसे गेले. तक्रार लिहिताना कागद निघाला तो तिच्याच पिशवीतून. आणि तरी त्या दिवशी ठाण्याबाहेर एकजण म्हणालीच, “कायबी म्हना ताई, पन बोलाले लय गोड होता.”

बाईने हिशेब मागितला की ती भांडखोर, आणि पुरुषाने हिशेब बुडवला की तो हुशार, ही शिकवण मालिकेच्या कितीतरी आधीची. मालिका फक्त तिला चाल लावते.

हल्ली गटाचं रजिस्टर त्या किरकिऱ्या बाईकडेच असतं. परवा ती पासबुकं तपासत बसली होती. तेवढ्यात शेजारी तिच्या मुलाचा मोबाईल वाजला. रिंगटोन हर्षदचीच.