पत्ता निवडताना आधी शाळा बघा

दोन वर्षांपूर्वी आम्ही घर शोधायला लागलो. मी सॉफ्टवेअरमध्ये, नोकरी खराडीला. बायको घरी शिकवण्या घेते. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, म्हणजे पहिलीला दोन वर्षं उरली होती. एका एजंटला फोन केला, बजेट सांगितलं. तो खूश. "साहेब, तुमच्या बजेटमध्ये तीन फ्लॅट आहेत, उद्याच दाखवतो." मग त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. "त्या सोसायट्यांमध्ये जरा प्रॉब्लेम आहे साहेब. तुमच्यासाठी कोंढव्यात बघू का?"

मी कोंढव्यातूनच बोलत होतो.

हा किस्सा तुमच्यापैकी अनेकांना नवा नाही. भाड्याचं घर शोधताना, विकत घेताना, एकदा तरी हे ऐकलेलं असतं. आपण ते हसण्यावारी नेतो, घरी सांगतो, आणि मुकाट्यानं "आपल्या" वस्तीत घर बघायला लागतो. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला दुसरीच गोष्ट टोचली. एजंटनं माझं नाव विचारलं, ते ठीक. पण मी तरी त्याला शाळेबद्दल कुठे विचारलं होतं? मी विचारलं होतं ते पार्किंग आणि हॉलची साइज.

घर बघतोय म्हटल्यावर नातेवाइकांनी काय विचारलं ते आठवा. मशीद किती लांब आहे? आपली माणसं किती आहेत? दावतीला पंचवीस माणसं बसतील का? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण शाळा किती लांब आहे आणि कशी आहे, हे माझ्या घरात फक्त एका माणसानं विचारलं. माझ्या अब्बांनी. ते स्वतः सातवीत शाळेतून निघाले होते, कारण हायस्कूल दुसऱ्या गावात होतं.

अंतर हा शिक्षणातला फार मोठा आणि फार कमी बोलला जाणारा मुद्दा आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. मुसलमान मुलं मदरशात जातात म्हणून मागे राहतात, या समजाला त्या अहवालानं आकड्यानं उत्तर दिलं. शाळेच्या वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुलंच मदरशात जातात. बाकीची शाळेतच जातात किंवा शाळेतून गळतात. गळण्याच्या कारणांमध्ये गरिबी आहेच, पण मुस्लिम वस्त्यांजवळ पुरेशा शाळा नसणं हेही आहे, विशेषतः मुलींसाठी. मुलगा दोन बस बदलून जातो, मुलीला मात्र "उगाच कशाला" म्हणून घरी बसवलं जातं. शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असेल, तर "उगाच कशाला" म्हणायला जागाच उरत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांचंही तसंच आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलाला खासगी शाळेत प्रवेश देताना आपल्या राज्यात शाळेपासूनचं अंतर बघतात. आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीन किलोमीटरपर्यंतचे. म्हणजे पत्ता हाच प्रवेशाचा पहिला कागद. आपल्यापैकी नोकरदारांना हे आरक्षण लागू होत नसेल, पण आपल्याच गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला होतं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. आपल्यातल्या किती जणांनी ती बातमी शेजाऱ्याला सांगितली?

आता वस्तीचा प्रश्न. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेली. पुण्यात त्याच सुमाराला पेठांमधून आणि कॅम्पातून माणसं कोंढव्याकडे सरकली. ज्यांनी ते दिवस बघितले, त्यांना "मिश्र वस्तीत राहा" असा उपदेश करायचा अधिकार मला नाही. रात्री निर्धास्त झोप लागावी म्हणून माणूस आपल्या माणसांजवळ जातो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण भीतीनं निवडलेल्या पत्त्याची किंमत असते आणि बिल्डरला ती बरोबर कळते. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही हे माहीत असलं की परवानगीशिवाय मजले चढतात. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. ती माणसं मूर्ख नव्हती. त्यांना परवडेल असं छप्पर तेवढंच होतं. जिथे दारं बंद असतात, तिथे अशीच घरं विकली जातात.

म्हणून पहिलं काम, बंद म्हणून सांगितलेली दारं खरंच बंद आहेत का ते तपासणं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ वाचा. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकताना सोसायटीच्या ना हरकत प्रमाणपत्राची गरज नाही, आणि हस्तांतरण शुल्क पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा नियम वैध धरला. आणि घरमालकानं नाव ऐकून विकायला नकार दिला तर थेट दाद मागता येईल असा खास कायदा आपल्याकडे नाही. पण ज्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीत समाजाची अट नाही, तिला "आमच्याकडे चालत नाही" म्हणायचा हक्क नाही. एजंटच्या तोंडून आलेला नकार हा बऱ्याचदा एजंटचाच अंदाज असतो. त्याला एकच सांगा, "सेक्रेटरींना लेखी द्यायला सांगा." आम्ही सांगितलं तेव्हा तीनपैकी एका ठिकाणी असा काही नियमच नसल्याचं कळलं. दुसऱ्या ठिकाणी लेखी काहीच आलं नाही. तिसऱ्याच्या मालकानं सरळ नाही म्हटलं. तीनात एक दार उघडं निघालं. ते आम्ही न ठोठावताच परत फिरणार होतो.

दुसरं काम कागदांचं. घर "आपल्या माणसाकडून" घेतोय म्हणून कागद बघायचे नाहीत, ही आपल्याकडची सगळ्यात महाग सवय आहे. नोटरी केलेल्या कागदावर फ्लॅट विकत घेतला म्हणणारे निदान चार जण माझ्या ओळखीत आहेत. नोंदणी नसेल तर मालकी नाही, इतकं साधं आहे. नवीन इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. करार नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही. जुनी असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि सोसायटीची थकबाकी बघा. उंड्री २०१७ मध्ये आणि पिसोळी २०२१ मध्ये महापालिकेत आली. अशा नव्या भागात नळाला पाणी किती दिवस येतं, टँकरचा महिन्याचा खर्च किती, हे वॉचमनला विचारा. ब्रोशरमध्ये ते नसतं.

तिसरं, पैसे. पन्नास लाखांचं बांधकाम चालू असलेलं घर धरा. बँक ऐंशी टक्के देईल, म्हणजे चाळीस लाख. दहा लाख तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी तीस हजार. जीएसटी पाच टक्के, अडीच लाख. म्हणजे हातात सोळा लाख तीस हजार हवेत, दहा नव्हे. फर्निचर वेगळं. तयार, भोगवटा मिळालेल्या घराला जीएसटी नाही. पुण्यात पंचेचाळीस लाखांच्या आतलं, नव्वद चौरस मीटरपर्यंत कार्पेटचं बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी एकच टक्का. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे या उदाहरणात पन्नास हजार. इस्लामनं बाईला तिच्या मालमत्तेचा स्वतंत्र हक्क दिला, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. रजिस्ट्रेशनच्या दिवशी ते दाखवायची ही चांगली संधी आहे.

चाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे चौतीस हजार सातशे. वीस वर्षांत बँकेला त्र्याऐंशी लाख जातात. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. दरवर्षी एक हप्ता जास्त भरला तर तीन वर्षांहून जास्त हप्ते वाचतात.

इथे व्याजाचा प्रश्न येतोच, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणा होईल. बिनव्याजी बँकिंगचा विचार आपल्याकडे झालेला आहे. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये त्याची शिफारस केली, पण रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. १९९९ मध्ये युरोपियन फतवा परिषदेनं, दुसरा मार्ग नसेल तर राहत्या घरासाठी कर्जाला मुभा दिली. अनेक उलेमांना ते मान्य नाही. माझ्या एका मित्रानं कर्ज नाकारलं. तो बारा वर्षं भाड्यानं राहिला, पण मुलांच्या शाळेजवळच राहिला. मी कर्ज घेतलं. आम्ही दोघं आजही एकत्र चहा पितो. ज्याचा त्याचा जमीर. मात्र व्याज नको म्हणून कागद नसलेलं स्वस्त घर घेणं हा तक्वा नव्हे.

चौथं, "चांगली शाळा" म्हणजे काय? एसी बस आणि काचेची इमारत म्हणजे चांगली शाळा नव्हे. मान्यतेचा यूडायस नंबर विचारा. शिक्षक दरवर्षी बदलतात का विचारा. शाळा सुटताना फाटकाशी अर्धा तास उभे राहा आणि मुलं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐका. दहावीनंतर तिथली मुलं, आणि मुली, कुठे गेल्या ते विचारा. माध्यम उर्दू, मराठी की इंग्रजी, यावर भांडण्याआधी हे चार प्रश्न विचारा.

आणि जे कोंढव्यात, मुंब्र्यात, मालेगावात किंवा भिवंडीतच राहणार आहेत, त्यांनी? ते बहुसंख्य आहेत आणि राहणारच. चांगली शाळा शोधत आपण चार नोकरदार निघून गेलो, तर मागे राहिलेल्या शाळेसाठी बोलणार कोण? सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ही समिती बऱ्याच ठिकाणी फक्त सहीपुरती असते. महिन्यातून एक शनिवार तिला द्या. मशिदीच्या कमिटीसाठी निवडणूक लढवणारे आपल्याकडे भरपूर आहेत. शाळेच्या कमिटीत बसायला माणूस मिळत नाही.

आम्ही शेवटी ते उघडं निघालेलं दार निवडलं. अकरा वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके, ज्यात दावतीला बारापेक्षा जास्त माणसं बसत नाहीत. त्याच पैशात मोठा, नवा फ्लॅट मिळत होता, भोगवटा प्रमाणपत्र "दोन महिन्यांत येतंय" असं सांगून. ते आजही आलेलं नाही. सोसायटीच्या पहिल्या मीटिंगला एक काका उठून गेले, हेही सांगतो. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची नात आणि माझी मुलगी एकाच वर्गात आहेत. सकाळी आठला काकाच दोघींना शाळेत सोडतात, कारण त्या वेळी माझा कॉल असतो. बारा मिनिटांची वाट आहे.

या आठवड्यात घर बघायला जाणार असाल, तर फ्लॅटची किल्ली मागायच्या आधी शाळेच्या फाटकापर्यंत चालत जा. मिनिटं मोजा. मग भावाचं बोला.