‘सैराट’ पहिला? असू दे, पण का ते सांग

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणाऱ्या सिनेमावेड्या पोराला सर्वश्रेष्ठ सिनेमे विचारा. ‘सैराट’ वर, पाठोपाठ ‘फँड्री’, मग एखादा नोलन, एखादा कोरियन. नांदेडलाही फार वेगळं ऐकू येत नाही. जाणकारांचा शेरा ठरलेला: ही आवड झाली, श्रेष्ठता काळ ठरवतो.

हा काळ म्हणजे कोण? ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्हज’ अव्वल होता, 1962 पासून 2002 पर्यंत ‘सिटिझन केन’, 2012 मध्ये ‘व्हर्टिगो’. 2022 मध्ये पहिला आला ‘जान डिलमन’. शांताल आकेरमान यांनी ऐन पंचविशीत केलेला हा सिनेमा तीन तासांहून लांब आहे आणि त्यातली गृहिणी निवांत बटाटे सोलत बसते. मधल्या दहा वर्षांत मत देणारे 846 वरून 1,639 झाले. सिनेमे होते तेच राहिले. काळाच्या नावाखाली बदलली ती मतदारयादी. मग तीत लातूरचं एक नाव वाढलं तर बिघडलं कुठे?

दुसरा आक्षेप असा, की ‘सैराट’ गाण्यांवर चालला. चालला खराच. पण अजय-अतुलच्या संगीतावर अख्खं थिएटर नाचवणारा हा सिनेमा शेवटी आवाजच काढून घेतो. रक्ताची पावलं उमटवत लेकरू बाहेर येतं, तेव्हा ऐकायला काही उरत नाही. आधीचा दणदणाट नसता तर ही शांतता इतकी बोचली असती का? शिवाय 29 एप्रिल 2016 ला तो लागला, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पडद्यावरची पाण्यानं भरलेली विहीर तिथल्या प्रेक्षकाला वेगळी दिसणारच, आणि ते पाहणं काही कमी दर्जाचं नव्हे.

पण म्हणून ‘मला आवडला, बस्स’ हेही खपवून घेऊ नये. पोराची यादी 2000 च्या मागे जात नाही, ही खरी उणीव. 1937 साली व्हेनिसला गौरवलेला ‘संत तुकाराम’ न बघताच ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणणं घाईचं आहे.

आणि नागराज मंजुळेंचाच निवडायचा, तर प्रस्तुत लेखकाच्या मते ‘फँड्री’ वर हवा. डुकरामागे धावताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, त्यातल्या जब्याचं अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुकराला मात्र थांबायचं कारण नसतं. पोराला हे पटत नसेल, तर त्यानं ‘सैराट’मधला याच्या तोडीचा प्रसंग काढून दाखवावा.