विश्लेषण : मानवी हक्कांत पदव्युत्तर शिक्षण… नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्याला त्यातून काय मिळते?

नांदेड आणि लातूर ही शिक्षणाची शहरे म्हणून राज्यभर ओळखली जातात. या ओळखीत मोठा वाटा ‘नीट’, ‘जेईई’ आणि लातूर पॅटर्नचा. याच दोन शहरांत बीए, बीएसडब्ल्यू किंवा एलएलबी करून ‘आता पुढे काय’ म्हणून थांबलेले विद्यार्थीही हजारोंनी आहेत. त्यांच्यापैकी कुणी मानवी हक्क हा विषय घ्यायचा म्हटले, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : याने नोकरी लागते का? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याआधी या विषयात नेमके काय असते, हे पाहायला हवे.

वेगळी पदवी, की पदवीतला एक पेपर?

दोन्ही वाटा आहेत. दिल्लीचे जामिया मिलिया इस्लामिया, लखनौचे बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ अशा काही ठिकाणी या विषयात स्वतंत्र एमए करता येते. बंगळूरुच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची मानवी हक्क कायद्यातील दूरशिक्षण पदविका जुनी आहे. इग्नूचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घरी बसून होतो. राज्यशास्त्र, समाजकार्य किंवा एलएलएम करताना ऐच्छिक पेपर वा संशोधनाचा विषय म्हणून मानवी हक्क घेणे, ही दुसरी वाट. गाव सोडणे परवडत नाही अशा विद्यार्थ्यासाठी ती जास्त व्यवहार्य आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा मुख्य परिसर नांदेडला, उपपरिसर लातूरला. शिवाय दोन्ही शहरांत विधी महाविद्यालये आहेत. प्रवेशापूर्वी पदवीचे नाव पाहून भागत नाही. त्या वर्षी कोणते ऐच्छिक पेपर प्रत्यक्षात शिकवले जाणार आणि ते शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहे की तासिका तत्त्वावरचा, हे विभागात जाऊन विचारावे.

शिकवतात काय?

सुरुवात १० डिसेंबर १९४८ च्या वैश्विक जाहीरनाम्यापासून होते. त्याची ३० कलमे, त्यानंतरचे १९६६ चे दोन आंतरराष्ट्रीय करार, भारताने १९७९ मध्ये त्यांना दिलेली मान्यता. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्द यावा यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता, ही गोष्टही इथेच येते. मग राज्यघटनेतील मूलभूत हक्क, १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा, आयोगांची रचना आणि न्यायालयांचे निकाल. या कायद्यातील मानवी हक्कांची व्याख्या परीक्षेत हमखास विचारली जाते : जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित, घटनेने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत अंतर्भूत असलेले आणि भारतातील न्यायालयांमार्फत अंमलात आणता येतील असे हक्क. यातली शेवटची अट महत्त्वाची. भारताने १९९७ मध्ये छळविरोधी करारावर सही केली, पण त्याला अंतिम मान्यता आजवर दिलेली नाही. एवढ्या एका मुद्द्यावर अख्खा प्रबंध होऊ शकतो.

अडचण अशी, की हे सगळे जिनिव्हा आणि न्यूयॉर्कच्या भाषेत शिकवले जाते. विद्यार्थी कलमे पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. वास्तविक या विषयासाठी मराठवाड्याइतका जवळचा संदर्भ क्वचितच कुठे सापडेल.

मराठवाड्याचा संदर्भ कोणता?

विद्यापीठ ज्यांच्या नावाचे आहे त्या स्वामी रामानंद तीर्थांपासूनच सुरुवात करता येईल. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी लागे; ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान त्यासाठीच कुप्रसिद्ध होते. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. म्हणजे मुक्तिसंग्रामाची सुरुवात सभा आणि संघटना स्वातंत्र्याच्या साध्या मागणीतून झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि तीन महिन्यांच्या आत पॅरिसमध्ये वैश्विक जाहीरनामा संमत झाला. याच काळाची दुसरी बाजूही अभ्यासक्रमात यायला हवी. रझाकारांचे अत्याचार घराघरांत सांगितले जातात. पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची नोंद करणारा सुंदरलाल समितीचा अहवाल मात्र अनेक दशके सार्वजनिक नव्हता. त्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचे उस्मानाबाद आणि नांदेड येतात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हक्क सर्वांना सारखे लागू असतात हे शिकवायचे, तर हा अहवाल वगळून चालणार नाही.

पुढचा टप्पा नामांतराचा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ अस्तित्वात आले. ज्या विद्यापीठाचा जन्मच या घटनाक्रमातला आहे, तिथे समतेचा हक्क शिकवताना उदाहरण शोधायला दक्षिण आफ्रिकेपर्यंत जावे लागू नये.

लातूरची उदाहरणे वेगळी आहेत. मानवी हक्क संरक्षणाचा अध्यादेश निघाला २८ सप्टेंबर १९९३ ला आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तारखांचा निव्वळ योगायोग. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसली. घर मिळणे हा हक्क की मदत, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणीसाठ्यांच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेत १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. पाण्याचा हक्क घटनेत शब्दाने लिहिलेला नाही. न्यायालयांनी तो कलम २१ मधील जीविताच्या हक्कातून वाचला आहे. तो कसा वाचला, हे लातूरच्या विद्यार्थ्याला सर्वांत चांगले कळायला हवे. त्याच्या घरी त्या उन्हाळ्यात टाकी किती दिवसांनी भरली, हे त्याला आठवत असते.

आरोग्याचा हक्क तसाच. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला, त्यात १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. याचा धागा १९९६ च्या ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ निकालाशी जुळतो. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार न देणे म्हणजे जीविताच्या हक्काचा भंग आणि पैशांची चणचण ही त्यावर सबब होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले होते.

परभणीच्या प्रकरणातून काय दिसते?

२०२४ च्या १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनीच, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. पुढचा प्रवास या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने टप्प्याटप्प्याने लिहून काढावा असा आहे. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, तिचा अहवाल राज्य मानवी हक्क आयोगापुढे आला, आयोगाने नोटिसा काढल्या. आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली आणि ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला ती याचिका फेटाळली गेली. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवेल. मात्र कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांत आयोगाला कळवण्याचा १९९३ चा निर्देश, १९९६ च्या डी. के. बसू निकालातील अटकेची नियमावली, सक्तीची दंडाधिकारी चौकशी ही पुस्तकातली तिन्ही प्रकरणे इथे एका घटनेत दिसतात. आणि एवढे सगळे कागदावर असूनही गुन्हा नोंदवण्यासाठी एका आईला खंडपीठापर्यंत जावे लागले, हेही दिसते.

आयोगाला दात आहेत का?

पुरेसे नाहीत. चौकशीपुरते आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात; साक्षीदार बोलावता येतात, कागदपत्रे मागवता येतात. शेवटी मात्र आयोग शिफारस करतो. घटनेला एक वर्ष उलटून गेले तर तक्रार घेता येत नाही, ही कलम ३६ मधील मर्यादा ग्रामीण भागात फार थोड्यांना ठाऊक असते. राज्य आयोग मुंबईत बसतो आणि नांदेड तिथून सहाशे किलोमीटरच्या आसपास. कायद्याच्या कलम ३० मध्ये जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूद आहे, पण तिथे नेमके कोणते गुन्हे चालवायचे हे कायदा स्पष्ट करत नाही. यंत्राचा सांगाडा उभा केला, जोडणी मात्र अर्धवट सोडली, असा हा प्रकार. एक सोय चांगली आहे : राष्ट्रीय आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही आणि ती मराठीतही करता येते.

मग नोकरीचे काय?

स्पष्टच सांगायचे तर ‘मानवी हक्क’ असे नाव असलेली पदे अत्यंत कमी. ‘नेट’मध्ये ‘मानवी हक्क आणि कर्तव्ये’ हा स्वतंत्र विषय आहे, पण महाविद्यालयांत त्या विषयाची स्वतंत्र प्राध्यापकपदे शोधूनच सापडतील. प्राध्यापकीसाठीच शिकायचे असेल तर राज्यशास्त्र किंवा कायदा ही मुख्य पदवी ठेवणे शहाणपणाचे. एलएलबीच्या जोडीला हा अभ्यास असेल तर त्याची किंमत वाढते. स्वयंसेवी संस्था, बालहक्क आणि कामगार प्रश्नांवरील प्रकल्प, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, पत्रकारिता इथे त्याचा थेट उपयोग होतो. यातल्या अनेक कामांत मानधन तुटपुंजे असते, हेही घरी आधीच सांगितलेले बरे. लोकसेवा परीक्षांच्या सामान्य अध्ययनात घटना आणि आयोगांचा भाग येतोच, पण केवळ त्यासाठी दोन वर्षे घालवण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय आयोगाची विद्यार्थ्यांसाठीची प्रशिक्षण योजना मात्र जरूर पाहावी, ती ऑनलाइनही असते.

भाषेची भिंत कितपत?

इथला बहुतांश विद्यार्थी मराठी माध्यमाचा आणि निकाल इंग्रजीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद आता न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. अनुवाद यंत्राच्या मदतीने झालेले असतात, काही वाक्ये अडखळतात. तरी मूळ निकालाशेजारी ठेवून वाचले तर दोन सत्रांत इंग्रजीची भीती बरीच कमी होते. गाइडपेक्षा हे केव्हाही बरे.

प्रकल्पाचा विषय कसा निवडावा?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीच्या प्रतीवरून उतरवला जातो. त्याऐवजी एका तालुक्यातील पोलीस ठाण्यांत अटकेबाबतचे फलक लागले आहेत का, २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार कॅमेरे बसले आहेत का, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले हंगामात कोणत्या शाळेत असतात, असे प्रश्न घेता येतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टाकलेला बरा.