कुलूप अडतं म्हणून दारच काढायचं का?

परवा एका सरकारी कार्यालयाच्या सर्व्हरवर काम होतं. नाव सांगत नाही, कारण गोष्ट एका कार्यालयाची नाहीच. दाखल्यांसाठी लोक अर्ज भरतात, आधार-रेशनकार्डाचे फोटो टाकतात, ते सगळं या मशीनवर. लॉगिन केल्यावर सवयीने 'गेटएनफोर्स' कमांड दिली. उत्तर आलं, 'डिसेबल्ड'.

म्हणजे एसईलिनक्स बंद. कंत्राटदाराचा पोरगा म्हणाला, "सर, अपलोड होत नव्हतं. हे बंद केलं, लगेच चाललं."

आता हे काय असतं? साध्या लिनक्समध्ये फाइल कोणी वाचायची ते तिचा मालक ठरवतो, आणि रूटला सगळं रान मोकळं. एसईलिनक्स त्यावर दुसरा पहारा बसवतं. प्रत्येक प्रोसेसला आणि फाइलला लेबल, आणि कोणत्या लेबलने कशाला हात लावायचा याचे नियम. वेबसर्व्हर पासवर्डच्या फाइलकडे वळला तर कर्नल तिथेच अडवतो, भले तो रूट म्हणून चालत असो. वेबसाइटच्या भोकातून चोर आत आला तरी तो त्या एका खोलीत अडकतो. त्या खोलीतलं सामान वाचेलच असं नाही, हेही खरं. पण अख्खं घर तरी जात नाही.

हे काही नवीन खूळ नाही. अमेरिकेच्या एनएसएने २००० साली ते सोर्सकोडसकट खुलं केलं, २००३ मध्ये ते मूळ कर्नलमध्ये आलं. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, फोनमध्ये ते पूर्ण लागू आहे. गंमत बघा, त्या पोराच्या खिशातल्या मोबाइलमध्ये पहारा चालू, आणि लोकांची कागदपत्रं ठेवलेल्या सर्व्हरवर बंद!

मूळ बिघाड काय होता? अपलोडच्या फोल्डरला चुकीचं लेबल. जुन्या ऑडिट लॉगमध्ये नकाराची ओळ स्पष्ट होती. दोन कमांडचं काम. पण आता इतके दिवस बंद राहिल्यावर आधी परमिसिव्ह मोड, सगळ्या फाइलींना नव्याने लेबल, रीबूट, लॉग तपासणी आणि मग एनफोर्सिंग. दोन दिवस गेले.

मी त्या पोराला दोष देत नाही. स्क्रीनवर नुसतं 'परमिशन डिनाइड' येतं, साहेब मागे उभे, बाहेर रांग. साइट बंद पडली की दंड. पहारा बंद केला तर कोणी विचारत नाही. मग माणूस काय करणार?

म्हणून म्हणतो, निविदेतच अट घाला: सर्व्हर एनफोर्सिंग मोडमध्येच ताब्यात घेतला जाईल. एखादी सर्व्हिस अडलीच तर तेवढीच तात्पुरती परमिसिव्ह करा, तीही लेखी कारण आणि तारखेसकट. उबुंटू असेल तर हाच नियम अ‍ॅपआर्मरला.

यात वेगळं लायसन्स लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त कोणीतरी विचारायला हवं. तुमच्यापैकी जे सरकारी किंवा पालिकेच्या सिस्टीमवर काम करतात, त्यांनी उद्या ती एक कमांड देऊन बघा. उत्तर काय आलं ते इथे लिहू नका, साहेबांना सांगा.