वेगळे राहण्याला कागद हवा

सासरी पटत नाही म्हणून खडकवासल्याला माहेरी परतलेल्या मुलीला शेजारीपाजारी विचारतात, ‘नांदायला कधी जाणार?’ वकिलाकडे गेले की विचारणा होते, ‘घटस्फोट घ्यायचा का?’ या दोन प्रश्नांच्या मधली वाट हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून आहे. कलम १० खालच्या न्यायिक विभक्ततेत लग्न कायम राहते, एकत्र राहण्याचे बंधन मात्र उरत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख होते आणि विभक्त राहणारे त्यांच्या जवळपास तिप्पट. इतकी माणसे लग्न न मोडता वेगळी राहत असतील, तर त्या राहण्याला कायद्याचा आधार असलाच पाहिजे.

नुसत्या तोंडी समजुतीवर माहेरी राहणाऱ्या बाईची बाजू फार लंगडी पडते. दोन वर्षे उलटली की ‘तिने मला सोडले’ म्हणून नवरा घटस्फोट मागू शकतो. त्याआधीच कलम ९ चा दावा येऊन थडकतो, नांदायला या. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सुनावले होते. तुरुंगाची भीती आज नाही, पण ‘नांदायला जा’ हा हुकूम वर्षभर पाळला गेला नाही तर तेच घटस्फोटाचे कारण ठरते. विभक्ततेचा हुकूमनामा हातात असेल तर या दाव्यातली हवाच निघून जाते. त्याच हुकूमनाम्याबरोबर पोटगी आणि मुलांचा ताबा मागता येतो. ती कायद्याने पत्नीच राहते, त्यामुळे नवरा मृत्युपत्र न करता गेला तर तिचा वारसा शाबूत असतो. सासर कुठेही असो, २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला स्वतः राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. साताऱ्याला किंवा नांदेडला खेटे घालण्याची गरज नाही.

यावर वकील मंडळींचा आक्षेप असतो की विभक्तता आणि घटस्फोट या दोन्हींची कारणे आता सारखीच आहेत, मग दोनदा खटला कशाला? पूर्वी तसे नव्हते. पुण्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दास्ताने खटल्याचा निकाल १९७५ चा. तेव्हा क्रूरतेवरून फक्त विभक्तता मिळे, घटस्फोट नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हा फरक पुसला. तरीही विभक्ततेचा उपयोग संपत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षात घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही, विभक्ततेचा करता येतो. मने जुळली तर हुकूमनामा रद्द करून घेता येतो, घटस्फोटानंतर मात्र पुन्हा लग्नच लावावे लागते. आणि विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र न आल्यास तेवढ्याच कारणावर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतो. क्रूरता पुन्हा सिद्ध करत बसावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाई अधांतरी लटकते, तिला दुसरे लग्नही करता येत नाही. हे खरे आहे. म्हणूनच मारहाण होत असेल तिथे ‘आधी विभक्त होऊन बघ’ हा नातेवाइकांचा सल्ला मला घातक वाटतो. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि थेट घटस्फोट आहे. विभक्तता आहे ती निर्णय अजून होत नसलेल्यांसाठी, आणि तीही मुदत ठरवून.

खरी उणीव वेगळीच आहे. परस्परसंमतीने घटस्फोट १९७६ पासून मिळतो, पण परस्परसंमतीच्या विभक्ततेची तरतूद कायद्यात नाही. ज्यांना भांडायचे नाही त्यांनाही एकमेकांवर आरोप करावे लागतात. लग्न तोडणे संमतीने होऊ शकते आणि नुसते थांबणे होऊ शकत नाही, हे उफराटे आहे. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्र विधिमंडळ ही दुरुस्ती करू शकते. आपल्या आमदाराकडे ती मागा.