पुन्हा पाण्यात
कमरेच्या ४ थ्या आणि ५ व्या मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीवर शस्त्रक्रिया होऊन ३ महिने झाले, सर्जननी पोहायला परवानगी दिली, आणि त्या सकाळी मी तलावाच्या काठाशी बराच वेळ नुसतीच उभी राहिले. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत धपकन उडी टाकणारी मी. आता शिडीचा गज घट्ट धरून एकेक पायरी उतरत होते. पहिले १५ दिवस पोहणं नाहीच, फक्त पाण्यात चालणं. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा जवळजवळ निम्मा भार पाणीच उचलतं, छातीइतक्या पाण्यात त्याहूनही जास्त, हे फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं. पण पटलं ते मांडीत कळ न येता पहिली फेरी पुरी झाली तेव्हा. माझा आवडता ब्रेस्टस्ट्रोक अजून बंद आहे. श्वासासाठी डोकं वर काढताना त्यात कंबर मागे वाकते, बटरफ्लायमध्ये तर फारच. (बाहेरचे टाके भरले म्हणून पाण्याकडे धावू नका, आतली जखम सावकाश भरते, हे अगदी कळकळीनं सांगते.) काल उताणी होऊन तरंगले. कान पाण्याखाली गेले, कंबर सैल सुटली, आणि कित्येक महिन्यांनी पाठीचा विचार मनात न येता मी आभाळाकडे बघत राहिले.